नागपुरात नवीन आलात? मतदार यादीत नाव कसं टाकायचं, आणि नागरिकत्वाचा घोळ कुठे होतो

हिंगणा रोडला आमचं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. एमआयडीसी जवळ असल्यामुळे निम्मं गिऱ्हाईक बाहेरचं, कोणी बालाघाटचं, कोणी राजनांदगावचं, कोणी थेट बिहार-ओडिशाचं, आणि मिहान (विमानतळाजवळचा आयटी-उद्योगांचा प्रकल्प) झाल्यापासून पुणे-हैदराबादकडचे लॅपटॉपवाले पण येऊन राहिले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, इथलं वोटर कार्ड काढायचं आहे, काय काय लागते?" रोज तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

सुरुवातीलाच एक सांगतो. तुम्हाला कार्ड हवं असतं, पण खरी गोष्ट यादी आहे. खिशात कार्ड आहे आणि त्या बूथच्या यादीत नाव नाही, तर परत यावं लागतं, मग कार्ड कितीही चकचकीत असो. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलं, तर आधार, लायसन, पॅन, पासपोर्ट, फोटोवालं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड यातलं काहीही दाखवून मत देता येतं. म्हणून दुकानात कोणी आलं की मी पहिले विचारतो, नाव सध्या कुठल्या यादीत आहे? निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं.

आधी आपली रांग ओळखा

नागपुरात बाहेरून आलेले म्हटलं तर दोन प्रकार. एक, भारतातल्याच दुसऱ्या गावातून, दुसऱ्या राज्यातून आलेले. दोन, दुसऱ्या देशातून आलेले, जसे पाकिस्तानातून आलेले सिंधी, नेपाळी, तिबेटी, किंवा लग्न करून आलेली परदेशी सून. या दोघांची कामं एकदम वेगळी आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण दोघांच्याही हातात आधार कार्ड असतं.

पहिल्या रांगेतल्यांना एक भीती नेहमी असते की आपण महाराष्ट्राचे नाही तर इथे मत कसं देणार. अहो, महाराष्ट्राचं नागरिकत्व असं काही नसतंच. भारतात नागरिकत्व एकच. महाराष्ट्राच्या डोमिसाइल सर्टिफिकेटला १५ वर्षांचं वास्तव्य मागतात, ते अ‍ॅडमिशन आणि नोकरीसाठी, मताशी त्याचा काडीचा संबंध नाही. मताला तीन गोष्टी लागतात, भारताचे नागरिक असणं, १८ वर्षं पूर्ण असणं, आणि त्या मतदारसंघात 'सर्वसाधारण रहिवासी' असणं. मराठी यायला पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही. स्वतःचं घर पाहिजे असं तर मुळीच नाही, उलट कायदा म्हणतो की नुसतं घर किंवा प्लॉट मालकीचा आहे एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे मनीषनगरात फ्लॅट घेऊन ठेवला आणि स्वतः बंगलोरला राहता, तर तुमचं मत बंगलोरला.

दुसऱ्या रांगेतल्यांनी खाली नागरिकत्वाच्या भागात उडी मारली तरी चालेल. तुमच्यासाठी क्रम उलटा आहे, आधी नागरिकत्व, मग यादी, आणि हा क्रम चुकवला तर महागात पडतं.

फॉर्म ६ की फॉर्म ८, इथेच सगळे चुकतात

ज्याचं नाव देशात कुठेच यादीत नाही त्याच्यासाठी फॉर्म ६. नुकताच १८ चा झाला, किंवा चाळिशी आली तरी कधी नाव टाकलंच नाही, असे लोक. ज्याचं नाव आधीच कुठेतरी आहे, मग ते छिंदवाड्यात असो की छपऱ्यात, त्याच्यासाठी फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघ बदलला की फॉर्म ६ भरायचे, ते १ ऑगस्ट २०२२ पासून बदललं, पण लोक अजून जुनंच सांगत फिरतात आणि काही फॉर्म भरून देणारे पण डोळे मिटून ६ भरतात. आता फॉर्म ८ मध्येच पत्ता बदलणं, नाव-जन्मतारीख दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड परत मागणं आणि दिव्यांग म्हणून नोंद करणं, चारही कामं होतात. त्यात 'निवासस्थान बदल' निवडा, मग 'मतदारसंघाच्या बाहेर' निवडा, जुना कार्ड नंबर टाका. कार्डाचा नंबर तोच राहतो, जुन्या गावातलं नाव तिकडचे लोक काढतात, तुम्हाला तिथे जायची गरज नाही.

"दोन्हीकडे राहू द्या ना भाऊ, गावच्या सरपंचाला पण मत द्यायचं असते," हे मी महिन्यातून दहादा ऐकतो. नाही चालत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ याच्यासाठीच आहेत, एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी आणि एकदाच. आणि फॉर्म ६ वर तुम्ही सही करता की माझं नाव दुसरीकडे कुठे नाही, ते खोटं निघालं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. होत नाही म्हणता म्हणता कधी होईल सांगता येत नाही, आता सगळ्या याद्या कॉम्प्युटरवर आहेत.

गावाचं मत नागपुरात बसून देता येतं का, हा पण ठरलेला प्रश्न. नाही येत. परराज्यात राहणाऱ्यांसाठीच्या रिमोट मशीनवर जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांची बैठक बोलावली होती, पण ते काही वापरात आलं नाही. त्यामुळे एक काय ते ठरवा, सणाला गाव आणि मताला नागपूर, की दर निवडणुकीला गाडी पकडून जाणार. माझं स्पष्ट मत आहे की ज्याची पोरं इथल्या शाळेत जातात, जो इथलं पाणी पितो आणि इथल्या खड्ड्यात गाडी आपटतो, त्याने इथेच नाव आणावं. बिहारच्या लोकांना तर मी जास्तच आग्रह करतो, कारण २०२५ मध्ये तिकडे यादीची कसून तपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती, त्यात मेलेले होते, दोनदा असलेले होते आणि कायमचे बाहेर गेलेले पण होते. इकडे टाकलं नाही, तिकडचं उडालं, असे लोक आहेत बाप्पा, ना घर के ना घाट के. अशांनी आधी ऑनलाइन नाव शोधायचं, खरंच कुठे नसेल तरच फॉर्म ६.

फॉर्म भरताना

आयोगाची साइट आहे, व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन, आणि मोबाइलवर ईसीआयनेट नावाचं अ‍ॅप. मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, लॉगिन होतं, फॉर्म उघडतो. पैसे लागत नाहीत. आम्ही दुकानात स्कॅन आणि प्रिंटचे घेतो तेवढेच, कोणी "कार्डाचे पाचशे" म्हणत असेल तर तिथून उठा. ऑनलाइन जमत नसेल तर तुमच्या भागाचा बीएलओ, म्हणजे बूथपुरतं यादीचं काम बघणारा कर्मचारी, शोधा, बहुतेक वेळा जवळच्या शाळेतले मास्तर नाही तर अंगणवाडी सेविका असतात, त्यांच्याकडे कागदाचा फॉर्म देता येतो. १९५० या नंबरवर फोन केला तर बीएलओचं नाव पण सांगतात.

कागद दोन प्रकारचे, एक वयाचा आणि एक पत्त्याचा. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट यातलं कोणतंही. पत्त्यासाठी लाइट, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं नाहीतर पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणी केलेला भाडेकरार, घराचं खरेदीखत. लाइट बिल घरमालकाच्या नावाने असतं आणि मालक करार रजिस्टर करत नाही, हे नागपुरात घरोघरी आहे. काही मालकांना वाटतं भाडेकरूचं नाव यादीत गेलं की तो घरावर हक्क सांगेल. असं काही होत नसतं, मतदार यादी म्हणजे सातबारा नाही, मालकाला समजावून सांगा. तरी ऐकला नाही तर सोपा उपाय म्हणजे बँक पासबुकावर नवीन पत्ता टाकून घ्या. कुठलाच कागद नसला तरी अर्ज करता येतो, मग बीएलओ प्रत्यक्ष येऊन बघतो, शेजाऱ्यांना विचारतो. म्हणून घरी कोणीतरी असायला पाहिजे आणि शेजारणीला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर "माहीत नाही बा कोण राहते तिथे" असं उत्तर गेलं की संपलं.

होस्टेलच्या पोरांना पर्याय आहे. व्हीएनआयटी असो, मेडिकल असो, एम्स असो, किमान एक वर्षाच्या मान्यताप्राप्त कोर्सला असाल तर आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा किंवा होस्टेलच्या पत्त्यावर आणा, दोन्ही चालतं, फक्त होस्टेलचा पत्ता घेतला तर कॉलेजच्या प्रमुखाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला आणावा लागतो. परीक्षेच्या दिवसात तो दाखला मिळवणं म्हणजे वेगळीच परीक्षा, तेव्हा आधी घ्या.

आणि ज्यांना घरच नाही, जे पुलाखाली किंवा रेल्वे स्टेशनच्या आसपास झोपतात, त्यांनाही मत आहे. हे सांगितलं की लोक हसतात, पण नियम आहे, अशा माणसाने फॉर्ममध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओने रात्री जाऊन खात्री करायची की हा खरंच इथे झोपतो, कागदाची सक्ती नाही. बांधकामावरच्या झोपड्यांतले लोक, वीटभट्टीवाले, यांना हे कोणी सांगतच नाही, तुमच्या साइटवर असतील तर तुम्ही सांगा.

आता नावाच्या स्पेलिंगबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी तीच. फॉर्ममध्ये इंग्रजीत नाव टाकलं की शेजारी मराठीत आपोआप येतं, आणि ते जे येतं ते बघून कधी हसावं कधी रडावं. एका तेलुगू बाईंचं आडनाव असं काही उमटलं की त्यांना स्वतःलाच वाचता येईना. छत्तीसगडच्या एका पोराच्या वडलांच्या जागी आजोबांचं नाव गेलं, चूक माझीच होती, घाईत होतो, मग फॉर्म ८ भरून परत दुरुस्ती, दीड महिना गेला आणि त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच. तेव्हापासून मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि म्हणतो, वाच, मोठ्याने वाच. तुम्ही पण सबमिट दाबायच्या आधी मराठीतलं नाव एकेक अक्षर लावून वाचा, मराठी येत नसेल तर येणाऱ्याला वाचायला लावा.

सबमिट केलं की रेफरन्स नंबर येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि घरच्या कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. मोबाइल बदलला, हरवला, की लोक रिकाम्या हाताने येतात.

कधी भरायचा

पूर्वी वर्षातून एकच तारीख असायची, १ जानेवारी, २ जानेवारीला १८ पूर्ण झाले तर अख्खं वर्ष गेलं. आता चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झालेल्या पोरापोरींना आधीच अर्ज करून ठेवता येतो. नोंदणी वर्षभर चालू असते. निवडणूक जाहीर झाल्यावरही उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत नावं घेतात, पण मध्ये हरकतींना सात दिवस द्यावे लागतात, बीएलओची भेट असते, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तरी फॉर्म गेलाच पाहिजे. आमच्याकडे खरी गर्दी मात्र प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर होते.

महापालिकेचं गणित आणखी वेगळं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची स्वतःची वेगळी नोंदणी नाही, विधानसभेची एका ठरलेल्या तारखेची यादी उचलून तिचे प्रभागवार तुकडे करतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ज्याने दिवाळीत फॉर्म भरला, नाव आलं, कार्डही आलं, त्याला तरी त्या वेळी मत नव्हतं. अशी दोन-तीन माणसं तेव्हा माझ्याशी भांडून गेली की तुम्ही फॉर्म नीट भरला नाही. त्यात चूक कोणाचीच नव्हती, तारीखच तशी होती.

तुमचा मतदारसंघ कोणता

नागपूर शहरात विधानसभेचे सहा, दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर, यातला उत्तर अनुसूचित जातींसाठी राखीव. हे सहा मिळून नागपूर लोकसभा. पण हिंगणा, वाडी, कामठी, कोराडी इकडे राहणारे स्वतःला नागपूरकर म्हणवतात आणि मत जातं रामटेक लोकसभेला, कारण हिंगणा आणि कामठी हे विधानसभा मतदारसंघ रामटेकमध्ये मोडतात. आमच्याच दुकानावर लोक गडकरींना मत द्यायचं म्हणून येतात आणि यादीत रामटेक बघून नाराज होतात. पत्त्यावर 'नागपूर' आहे आणि पिनकोड नागपूरचा आहे याने काही ठरत नाही, साइटवर आपला पत्ता टाकून बघा. शहरातल्या शहरात जरी घर बदललं, समजा इंदोऱ्याहून त्रिमूर्तीनगरला आलात, तरी फॉर्म ८ लागतो.

फॉर्म नाकारला तर

कारण विचारा, लेखी मागा. बऱ्याचदा 'घरी कोणी भेटलं नाही' एवढंच असतं. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. कलेक्टर ऑफिस सिव्हिल लाइन्सला, निवडणूक शाखा तिथेच. पण अपीलापेक्षा नवीन अर्ज नीट भरणं बहुतेक वेळा लवकर होतं, हा अनुभव. तुमचं असलेलं नाव कोणी फॉर्म ७ भरून काढायला लावलं तर मात्र गप्प बसू नका, तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही.

आता दुसरी रांग, नागरिकत्व

इथे मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण जरीपटका आणि खामला या सिंधी वस्त्यांतले बरेच जण कागद स्कॅन करायला येतात, त्यामुळे बघून बघून पाठ झालं.

आधार म्हणजे नागरिकत्व नाही. आधारच्या कायद्यातच कलम ९ मध्ये लिहिलंय की हा नंबर नागरिकत्वाचा किंवा डोमिसाइलचा पुरावा नाही. १८२ दिवस इथे राहिलेला परदेशी माणूसही आधार काढू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही एका प्रकरणात हेच सांगितलं की आधार, पॅन, वोटर कार्ड हातात आहे म्हणून कोणी भारताचा नागरिक होत नाही. म्हणून आधार आहे, रेशन कार्ड आहे, चला यादीत पण नाव घालून टाकू, हा उद्योग कोणी सुचवला तर करू नका. फॉर्म ६ वर 'मी भारताचा नागरिक आहे' अशी सही असते. ते खोटं निघालं तर एक वर्षाची कैद आहेच, वर नागरिकत्वाचा खरा अर्ज चालू असेल तो पण अडकतो. दहा वर्षं वाट बघितलेला माणूस एका एजंटच्या नादाने अडकलेला मी बघितला आहे.

जन्माने कोण नागरिक, हे जन्मतारखेवर आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ मध्ये भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कोणत्या देशाचे हे न बघता नागरिक. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेला असेल तर आई किंवा बाप, दोघांतला एक भारतीय पाहिजे. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. हे आईबापांना समजावणं फार जड जातं. पोर मेयो हॉस्पिटलात जन्मलं, जन्मदाखला नागपूर महानगरपालिकेचा, बोलतं मराठी, पण २०१० चा जन्म आणि आईबाप दोघं तेव्हा पाकिस्तानी पासपोर्टवर, तर ते पोर जन्माने भारतीय नाही. आईबापांसोबत त्याचाही वेगळा अर्ज लागतो. हे विसरतात आणि पोर अठराचं झालं की धावतात.

जरीपटक्यातल्या जुन्या सिंधी कुटुंबांना हा त्रास नाही. फाळणीत जे १९ जुलै १९४८ च्या आधी आले आणि इथेच राहिले, ते राज्यघटनेच्या कलम ६ नुसार सरळ नागरिक झाले, त्या तारखेनंतर आलेल्यांना सहा महिने राहून सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली. त्यांची नातवंडं आज तुमच्या-माझ्यासारखीच मतदार. प्रश्न आहे तो नंतर, व्हिसावर येऊन राहिलेल्यांचा.

त्यांच्यासाठी मोठे रस्ते दोन. एक नेहमीचा, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचा. ज्याचा स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला, तो सात वर्षं इथे राहिला की कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करू शकतो. भारतीय नवरा किंवा बायको असेल तरी सात वर्षं. यातही अट अशी की अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथे राहिलेलं पाहिजे, म्हणून त्या वर्षात लग्नाला म्हणून सिंधला जाऊन यायचा बेत करू नका. मूळ भारतीय संबंध नसेल तर याच कायद्याचं कलम ६, शेवटचं एक वर्ष सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा बऱ्यापैकी येणं. मराठी त्यात आहे, सिंधी पण आहे. अर्ज गृहमंत्रालयाच्या साइटवर ऑनलाइन, मग कागद कलेक्टर ऑफिसात, पोलिसांची चौकशी, आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडणं, आणि शेवटी शपथ. २०१६ साली केंद्राने मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व द्यायचा अधिकार दिला त्यात नागपूर होतं, म्हणून इथल्या बऱ्याच लोकांची कामं दिल्लीच्या वाऱ्या न करता झाली.

दुसरा रस्ता सीएएचा, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याचा. कायदा २०१९ चा, नियम आले ११ मार्च २०२४ ला. या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, यांना ११ च्या जागी ५ वर्षं. मुसलमान यात नाहीत, त्यावरून देशभर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मी इथे फक्त फॉर्मचं सांगतो. याचं पोर्टल वेगळं आणि गंमत म्हणजे जिल्हा समितीवर पोस्टाचे सुपरिंटेंडेंट बसतात, कागद तपासायला आणि शपथ घ्यायला तिथे जावं लागतं, कलेक्टर ऑफिसात नाही. २०१४ नंतर आलेल्यांना हा रस्ता नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एक आदेश निघाला, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच लोकांवर पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून कारवाई होणार नाही असा, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की तारीख दहा वर्षांनी वाढली. नाही वाढली. राहू देणं वेगळं आणि नागरिक करणं वेगळं. लाँग टर्म व्हिसाची मुदत मात्र संपू देऊ नका, पोलिसांकडची नोंदणी वेळेवर करा, पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच साखळी दाखवायची असते.

बाकीचे पटकन सांगतो. नेपाळी नागरिक १९५० च्या करारामुळे व्हिसाशिवाय इथे राहू शकतात, काम करू शकतात, पण मत नाही. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा समजा, मत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाचं भारताचं नागरिकत्व त्या दिवशीच संपलं, आईने कितीही म्हटलं तरी धरमपेठच्या यादीत त्याचं नाव ठेवता येत नाही. नुसती नोकरीसाठी दुबईला गेलेली, पासपोर्ट भारताचा असलेली माणसं मात्र फॉर्म ६क भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होऊ शकतात, मत द्यायला स्वतः यावं लागतं. आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी, गोंदिया जिल्ह्यात त्यांची वसाहत आहे, त्यांच्यातले जे भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ च्या दरम्यान जन्मले त्यांना मतदार म्हणून घ्या असं निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये सांगितलं. काही जणांनी नाव घातलं, काही जण निर्वासितच राहणं पसंत करतात, तो त्यांचा प्रश्न.

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की मग तुम्ही पहिल्या रांगेत. फॉर्म ६ भरा, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, ओरिजिनल लॅमिनेट करू नका, कुठल्याच ऑफिसात लॅमिनेट केलेलं आवडत नाही. माझा धंदा लॅमिनेशनचा असून सांगतोय.

मताच्या दिवशी

आदल्या दिवशी नाव परत एकदा बघा, बूथ बदललेला असू शकतो. घरी येते ती मतदार चिठ्ठी ओळखपत्र नाही, सोबत कार्ड किंवा आधार न्याच. बुटीबोरी-हिंगण्यातल्या कामगारांनो, त्या दिवशी पगारी सुट्टी हा कायदा आहे, रोजंदारीवाल्यांनाही, ठेकेदार "पाळी भर मग जा" म्हणाला तर १९५१ च्या कायद्याचं कलम १३५ख त्याला दाखवा, पण त्यासाठी नाव इथल्या यादीत पाहिजे.

महापालिकेच्या वेळी एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा असतात, म्हणून चार बटणं दाबायची असतात. नवीन माणूस एक दाबून निघतो आणि अधिकारी ओरडतात. एखाद्या जागेला कोणी पसंत नसेल तर तिथे 'नोटा' (यापैकी कोणीही नाही) दाबा, पण चारही पूर्ण करा.

आणि तुम्ही पोचायच्या आधी तुमच्या नावावर कोणी मत टाकून गेलं असेल तर आरडाओरडा करून घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षाला सांगा की मला 'प्रदत्त मत' द्यायचं आहे. ओळख पटली की मशीनवर नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर मत घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. हा शब्द मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण ऐनवेळी तो कोणालाच आठवत नाही.